घरच्या इंटरनेट फोनसाठी अॅडॅप्टर: कंपनीचा लॉक केलेला घ्यावा की मोकळा?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत केबल कंपनीच्या इंटरनेटबरोबर घरचा फोन आहे. सवलतीची मुदत संपली आणि फोनचा भाग महाग वाटू लागला, म्हणून तो वेगळा काढायचा विचार आहे. नंबर मात्र सोडायचा नाही. शाळा, डॉक्टर, बँक आणि नाशिकचे नातेवाईक, सगळ्यांकडे तोच आहे. सासू-सासरे दरवर्षी सहा महिने इथे असतात. त्यांना मोबाइलपेक्षा हातात धरायचा फोन बरा वाटतो, आणि भारतात बोलणं बरंच होतं.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत:

१. मोठ्या कंपनीची योजना. अॅडॅप्टर फुकट, पण तो त्यांच्याच सेवेवर चालतो. भारतात अमर्याद कॉल.

२. ग्रँडस्ट्रीमचा मोकळा अॅडॅप्टर स्वतः विकत घेऊन महिन्याला वापरू तेवढेच पैसे घेणारी सेवा.

३. एका स्थानिक जाहिरातीत दहा डॉलरला जुना अॅडॅप्टर. विकणारा म्हणतो, 'फॅक्टरी रिसेट करून देतो, कुठेही चालेल.'

घरात एक बेस आणि तीन हँडसेट असलेला कॉर्डलेस सेट आहे. राऊटरचं पान उघडून सेटिंग बदलण्याइतपत येतं, त्यापुढचं नाही. लॉक म्हणजे नेमकं काय लॉक असतं? आणि उद्या सेवा बदलली तर नंबरचं काय होतं?

---

निळी_वायर

आधी नंबराची काळजी मिटवतो. लॉक डब्याला, म्हणजे अॅडॅप्टरला असतो, नंबराला नाही. अमेरिकेत इंटरनेट फोनचा नंबरही दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, मग तो लॉक केलेल्या अॅडॅप्टरवर चालत असो वा मोकळ्या. पहिला पर्याय घेतलात आणि दोन वर्षांनी कंटाळलात, तर नंबर घेऊन बाहेर पडता येईल. मागे उरेल तो फक्त डबा.

आता लॉक म्हणजे काय ते. अॅडॅप्टरचं काम थोडक्यात असं: एका बाजूला नेटवर्कची केबल, दुसऱ्या बाजूला साध्या फोनची पिन. फोनला डायल टोन आणि रिंग तो देतो आणि आवाजाचे पॅकेट, म्हणजे छोटे डेटा-तुकडे, करून इंटरनेटवर पाठवतो. हे करण्यासाठी त्याला सिप (इंटरनेटवर कॉल जोडण्याची पद्धत) सर्व्हरचा पत्ता, युजर आयडी आणि पासवर्ड लागतो. मोकळ्या अॅडॅप्टरमध्ये या तीन गोष्टी तुम्ही स्वतः भरता. लॉक केलेल्यात कंपनी भरते आणि तुम्हाला दाखवत नाही. अॅडमिन पानाचा पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. डबा चालू झाला की कंपनीच्या सर्व्हरवरून, बहुतेकदा एन्क्रिप्ट केलेली, सेटिंगची फाइल उतरवून घेतो. तुमच्या डब्याचा मॅक अॅड्रेस, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्यांच्या यादीत असतो.

यावरून तिसऱ्या पर्यायाचं उत्तर मिळतं. फॅक्टरी रिसेटने आतलं सेटिंग पुसतं, पण कंपनीच्या यादीतला मॅक अॅड्रेस पुसत नाही. रिसेट केल्यावर डबा काही मिनिटं मोकळा दिसतो, इंटरनेट लागलं की पुन्हा जुन्या कंपनीची फाइल घेऊन लॉक होतो. ग्रँडस्ट्रीमच्या डब्यांतही हे घडतं, कारण कारखान्यातून येताना त्यांच्यात निर्मात्याच्याच प्रोव्हिजनिंग (सेटिंग पुरवणाऱ्या) सर्व्हरचा पत्ता असतो आणि तो सर्व्हर मॅक पाहून डब्याला संबंधित कंपनीकडे वळवू शकतो. विकणारा खोटं बोलतोय असं नाही, त्याने रिसेट खरंच केलेला असतो.

जुना घ्यायचाच असेल तर या गोष्टी पाहा:

- डब्यावर सेवा कंपनीचा शिक्का असेल तर लॉक आहे असंच धरा. व्होनेज, ऊमा आणि मॅजिकजॅक यांचे डबे त्यांच्याच सेवेसाठी बनवलेले आहेत.
- लिंकसिसच्या जुन्या मालात नाव पूर्ण वाचा. 'पीएपी२टी-एनए' मोकळा विकला जायचा. नुसता 'पीएपी२' असेल तर तो व्होनेजसाठी लॉक केलेला निघण्याची शक्यता मोठी.
- विकणाऱ्याच्याच घरी इंटरनेटला जोडून रिसेट करायला सांगा, पाच-दहा मिनिटं थांबा, वीज काढून पुन्हा लावा आणि मग अॅडमिन पान उघडतंय का ते बघा. दुसऱ्यांदा उघडलं तरच पैसे द्या.

तरी माझं मत, दहा डॉलरसाठी ही उठाठेव करू नका. ग्रँडस्ट्रीमचा नवा एचटी८०१ साधारण ४०-५० डॉलरच्या आसपास मिळतो आणि सगळ्या खर्चात डब्याची किंमत हाच सगळ्यात छोटा आकडा आहे. सिस्कोचे एसपीए११२ आणि ओबीहायचे ओबी२०० चांगले होते, पण दोन्हींचं उत्पादन बंद झालंय. बंद झालेल्या डब्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, म्हणून आता नव्याने ते घेऊ नका.

---

मंजूषा_प

पहिल्या पर्यायाची बाजू मांडते, कारण इथे सगळे मोकळ्याच्या बाजूने बोलतील.

भारतात किती मिनिटं बोलणं होतं, यावर सगळं अवलंबून आहे. व्होनेजने २००९ मध्ये साठहून जास्त देशांची अमर्याद योजना आणली, त्यात भारत होता, आणि आपल्याकडची कितीतरी घरं तेव्हा त्याच एका कारणाने तिकडे गेली. आजही लॉक केलेल्या सेवांचा खरा फायदा तोच आहे. मिनिटावारी सेवेत भारताचा दर मिनिटाला सेंट-दोन सेंट वगैरे दिसतो, पण तो बदलता असतो, त्यामुळे खाते उघडण्याआधी भारतातल्या मोबाइलचा आणि लँडलाइनचा दर वेगवेगळा बघून घ्या. मग गेल्या तीन महिन्यांच्या बिलातून भारताची मिनिटं काढा आणि गुणाकार करा. समजा महिन्याला ३०० मिनिटं आणि दर दोन सेंट, तर सहा डॉलर झाले. त्यात नंबराचं भाडं आणि ९११ची (अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाची) फी मिळवा. सासू-सासरे असताना हाच आकडा १५०० मिनिटांवर गेला तर ३० डॉलर, आणि मग अमर्याद योजना स्वस्त पडते. व्हॉट्सअॅपवर होणारी मिनिटं यात धरू नका, ती या फोनवरून जात नाहीत.

योजनेची जाहिरातीतली किंमत धरू नका. तिच्यावर कर, नियामक फी आणि ९११ची फी चढते. ऊमाच्या टेलोमध्ये साधी देशांतर्गत सेवा फुकट असली तरी कर आणि फी दरमहा भराव्या लागतात, भारताचे कॉल वेगळे. करारात तीन ओळी शोधा: मुदत किती, मुदतीआधी सोडल्यास दंड किती, आणि डबा परत केला नाही तर किती.

आणखी एक. घरात सेटिंगकडे बघणारं माणूस एकच असेल आणि ते कामानिमित्त बाहेरगावी गेलं, तर मोकळ्या अॅडॅप्टरवर फोन बंद पडल्यावर सासूबाईंनी कोणाला विचारायचं? लॉक केलेल्या सेवेत एक मदत क्रमांक असतो आणि समोरच्याला तुमच्या डब्याचं सेटिंग दिसतं. हा मुद्दा पैशात मोजता येत नाही, पण खरा आहे.

---

एडिसनकर

दोघांचेही आभार. बिलं काढून पाहिली. व्हॉट्सअॅप वगळता भारताची मिनिटं महिन्याला दीडशे-दोनशे, आई-बाबा, म्हणजे सासू-सासरे, असताना त्याच्या दुप्पट. म्हणजे मिनिटावारी सेवाच परवडते. तिसरा पर्याय सोडला. एचटी८०१ घेतला तर सेटिंग नेमकं काय करायचं, आणि कुठे चुकतं?

---

तारमास्तर

क्रमाने सांगतो. व्हीओआयपी डॉट एमएस, कॉलसेंट्रिक यांसारख्या सेवांवर पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच.

खातं उघडल्यावर मुख्य खात्याचा पासवर्ड डब्यात घालू नका. सब-अकाउंट, म्हणजे मुख्य खात्याखालचं वेगळं खातं, बनवण्याची सोय असेल तर ते बनवा, त्याला लांब, वेगळा पासवर्ड द्या. तुमच्या भागाजवळचा सर्व्हर निवडा, तुमच्यासाठी न्यूयॉर्क. एक तात्पुरता स्वस्त नंबर घ्या आणि तो त्या सब-अकाउंटकडे वळवा. जुना नंबर इतक्यात हलवू नका.

डबा राऊटरच्या मोकळ्या पोर्टला जोडा, फोनची तार 'फोन' लिहिलेल्या पोर्टला, मग वीज. एक मिनिटाने फोन उचलून तीनदा * दाबा, आवाज आला की ०२. डबा स्वतःचा आयपी पत्ता वाचून दाखवतो. तो ब्राउझरमध्ये टाका. युजर 'अॅडमिन', आणि पासवर्ड नव्या डब्यांवर तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदला आणि पहिलं काम म्हणून फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं सॉफ्टवेअर, नवं करा.

मग 'एफएक्सएस पोर्ट'च्या, म्हणजे फोनच्या पोर्टच्या, पानावर:

- प्रायमरी सिप सर्व्हर: सेवेने दिलेला पत्ता, आधी-मागे स्पेस न ठेवता. कॉपी-पेस्टमध्ये शेवटची स्पेस आली की नोंदणी होत नाही आणि कारण दिसत नाही.
- सिप युजर आयडी आणि ऑथेंटिकेट आयडी: दोन्हीकडे सब-अकाउंटचं नाव.
- नॅट ट्रॅव्हर्सल (राऊटरमधून वाट चालू ठेवण्याची सोय): कीप-अलाइव्ह, २० सेकंद.
- पहिला कोडेक (आवाजाचा डेटा करण्याची पद्धत) पीसीएमयू, म्हणजेच जी.७११. एका कॉलला प्रत्येक दिशेने ८७ केबीपीएसच्या आसपास लागतं. आजच्या इंटरनेटला ते काहीच नाही, म्हणून बँडविड्थ वाचवायला जी.७२९कडे जाऊ नका. आवाज विनाकारण खरखरीत होतो.
- डीटीएमएफ (आकडे दाबल्यावर जाणारे टोन): आरएफसी२८३३. हे चुकलं तर बँकेच्या यंत्राला तुम्ही दाबलेले आकडे कळत नाहीत.
- 'फक्त सिप प्रॉक्सीकडूनच (सेवेच्या सर्व्हरकडूनच) येणारे संदेश स्वीकारा' या ओळीला 'होय'.

शेवटची ओळ विसरू नका. इंटरनेटवर सिप डबे शोधत फिरणारे प्रोग्राम आहेत. ही ओळ 'नाही' राहिली आणि राऊटरने सिपचं नेहमीचं ५०६० पोर्ट उघडं ठेवलं, तर रात्री दोन-तीन वाजता फोन वाजतो, नंबर १०० किंवा १००१ असा दिसतो, उचललं तर शांतता. घरातले ज्येष्ठ घाबरतात. ते कॉल तुमच्या सेवेमार्फत येतच नाहीत, म्हणून तिथल्या कॉल नोंदीतही सापडत नाहीत. राऊटरवर डब्यासाठी पोर्ट फॉरवर्ड करू नका, त्याची गरज नाही.

स्टेटसच्या पानावर 'रजिस्टर्ड' दिसलं की झालं. आता काय बिघडतं ते.

कॉल बरोब्बर अर्ध्या मिनिटाने तुटतो. समोरच्याने उचललं ही खबर मिळाल्याची पोच एका बाजूकडून दुसरीकडे पोहोचत नाही. सिपमध्ये त्या पोचेची वाट ३२ सेकंद पाहिली जाते, मग कॉल सोडला जातो. तुटण्याची वेळ दर खेपेला तीस-बत्तीस सेकंदच असेल तर हेच कारण. राऊटरमधलं 'सिप एएलजी' बंद करा. ही सोय मदतीसाठी दिलेली असते, पण पॅकेटमधले पत्ते चुकीचे बदलून घोळच जास्त घालते.

एकाच बाजूचा आवाज येतो. कारण बहुतेकदा तेच, सिप एएलजी, किंवा घरात एकामागे एक दोन राऊटर. केबल मोडेमच स्वतः राऊटर असेल आणि पुढे तुमचा दुसरा असेल, तर मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे त्याचं राऊटरचं काम बंद करा.

बाहेर कॉल जातो, आत येत नाही. बराच वेळ काही हालचाल नसेल तर राऊटर आपली नोंद पुसून टाकतो. कीप-अलाइव्ह चालू आहे का ते बघा.

डायल केल्यावर काही सेकंद शांतता. डबा अजून आकडे येतील म्हणून चार सेकंद थांबतो. शेवटी # दाबला की लगेच लागतो. भारतासाठी ०११-९१ आणि पुढे दहा आकडे. आई-बाबांना ००९१ची सवय असेल तर डायल प्लॅनमध्ये (डायल केलेल्या आकड्यांच्या नियमांत) ०० च्या जागी ०११ घालण्याचा नियम लिहिता येतो, मग त्यांना नवीन काही शिकायला नको.

---

निळी_वायर

वरच्यात घरातल्या तारांचं राहिलं, आणि तिथे डबा जळतो, म्हणून लिहितो.

तुमचा एक बेस आणि तीन हँडसेट असा सेट असेल तर भिंतीतल्या तारांचा विषयच नाही. बेसची तार थेट अॅडॅप्टरला, बाकी हँडसेट नुसते चार्जरवर.

पण कोणाला भिंतीतले सगळे सॉकेट चालवायचे असतील, तर आधी घराबाहेरच्या पेटीत फोन कंपनीची जोडणी काढून टाका. जुन्या तांब्याच्या तारेवर ४८ व्होल्ट डीसी असतं आणि रिंगच्या वेळी ९० व्होल्टच्या आसपास एसी. ते अॅडॅप्टरच्या फोन पोर्टमध्ये शिरलं की पोर्ट गेलं. केबल कंपनीच्या मोडेमवर 'टेल १' लिहिलेलं पोर्ट असतं, त्याचीही तार काढा. दोन यंत्रांनी एकाच तारेला टोन द्यायचा नाही. जुने घंटीवाले फोन असतील तर एका अॅडॅप्टरवर दोनपेक्षा जास्त लावू नका, रिंग क्षीण होते.

लॉक केलेल्या डब्यांबद्दल आणखी एक. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात डबा मोडेम आणि राऊटरच्या मधे लावायला सांगतात. जुन्या डब्यांची नेटवर्क पोर्टं १०० एमबीपीएसची असतात, त्यामुळे घरचं सगळं इंटरनेट १०० वर येऊन अडकतं आणि लोक केबल कंपनीशी भांडत बसतात. डबा राऊटरच्या मागे लावा.

---

एडिसनकर

खूप उपयोगी. तीन शंका राहिल्या. वीज गेली तर? घरात अलार्म आहे, तो फोनच्या तारेवरून मॉनिटरिंग कंपनीला कळवतो, त्याचं काय? आणि आई-बाबा नाशिकला परत जाताना डबा घेऊन गेले तर इथला नंबर तिथे वाजेल ना?

---

मंजूषा_प

वीज: अॅडॅप्टर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा, म्हणजे फार तर पाच वॉट. पण मोडेम आणि राऊटरही चालू हवेत. तिघांना एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा आणि बाकी काही, विशेषतः प्रिंटर, त्याला लावू नका. केबल कंपनीचं रस्त्यावरचं यंत्र बंद पडलं तर यूपीएस असूनही फोन जाईल. त्या वेळेसाठी सेवेच्या पानावर 'डबा नोंदणीत नसेल तर मोबाइलवर वळवा' ही सोय चालू करून ठेवा. ती सर्व्हरवरून चालते, त्यामुळे घरात अंधार असला तरी कॉल येतात.

अलार्म: इंटरनेट फोनवर त्याच्या भरवशावर राहू नका, लॉक केलेला असो वा मोकळा. पॅनेल वेगाने टोन पाठवतं आणि पोचेच्या टोनची वाट पाहतं. पॅकेट उशिरा आलं तर संदेश अर्धा राहतो. चाचणीत दहापैकी नऊ वेळा गेला म्हणून समाधान मानण्याची ही जागा नाही. मॉनिटरिंग कंपनीकडून सेल्युलर कम्युनिकेटर (मोबाइल नेटवर्कवरून कळवणारं यंत्र) बसवून घ्या आणि मगच जुना फोन सोडा. फॅक्सचंही थोडं असंच आहे. एखाददुसरं पान जातं, दहा पानं अडकतात.

एसएमएसबद्दल विचारलं नाहीत, पण बँक म्हणालात म्हणून: ओटीपीचे छोट्या क्रमांकांवरून येणारे संदेश पुष्कळदा इंटरनेट फोनच्या नंबरावर येत नाहीत. बँकेत मोबाइल नंबर नोंदवून ठेवा.

---

तारमास्तर

नाशिकचं सांगतो. तांत्रिकदृष्ट्या चालतं. डब्याचं चार्जर १०० ते २४० व्होल्टचं असतं, ते छापलेलं वाचून घ्या, वर पिनेचा कन्व्हर्टर लागेल. आवाजाला इथून भारतात जाऊन परत यायला साधारण २०० मिलिसेकंद किंवा थोडं जास्त लागतं, म्हणजे एका दिशेने शंभरच्या वर. चांगल्या संभाषणासाठी एका दिशेने १५०च्या आत असावं असं जागतिक मानक सांगतं, तेव्हा तिथलं वायफाय बरं असेल तर बोलताना अडचण येत नाही.

पण ९११चा विचार करा. एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, २००५ मध्ये इंटरनेट फोन कंपन्यांना ९११ देणं बंधनकारक केलं, आणि ते चालतं तुम्ही नोंदवलेल्या पत्त्यावर. डबा कुठे आहे हे त्या यंत्रणेला आपोआप कळत नाही. नाशिकहून कोणी ९११ फिरवलं तर मदत न्यू जर्सीतल्या घरी जाईल, आणि तिथल्या ११२शी या फोनचा काही संबंधच नाही. तिकडे नेणार असाल तर फोनवर ठळक अक्षरात तसं लिहून चिकटवा. त्यापेक्षा दुसरं सब-अकाउंट बनवून त्यांच्या मोबाइलवरच्या सिप अॅपमध्ये घाला आणि डबा इथेच राहू द्या. मोकळ्या सेवेचा हा फायदा आहे, एकाच नंबरावर दोन्हीकडे रिंग वाजवता येते. मात्र त्या अॅपवरूनही ९११ फिरवू नका म्हणावं.

पैशांच्या बाजूने दोन कुलपं लावा. सेवेच्या पानावर परदेशी कॉल फक्त भारतापुरते चालू ठेवा, बाकी देश बंद. आणि खातं प्रीपेड ठेवून आपोआप रिचार्ज बंद. पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर चोरटे महागड्या देशांत तासन्‌तास कॉल लावतात. शिल्लक पंधरा डॉलर असेल तर नुकसान पंधरावरच थांबतं.

---

निळी_वायर

नंबर हलवण्याचा क्रम, कारण तिथे उलटसुलट झालं तर नंबर कायमचा जातो.

तात्पुरत्या नंबरावर आठवडा-दोन आठवडे सगळं नीट चाललं की नव्या सेवेकडे पोर्टिंगची, म्हणजे नंबर हलवण्याची, विनंती टाका. केबल कंपनीचा खाते क्रमांक, पिन आणि ताजं बिल लागतं. नाव आणि पत्ता बिलावर छापलाय तस्साच भरा. बिलावर 'स्ट्रीट' पूर्ण लिहिलं असेल तर तुम्हीही पूर्णच लिहा, विनंती परत येण्याचं नेहमीचं कारण असली तफावत असतं. केबल कंपनीला फोन करून सेवा बंद करायला सांगू नका. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही. पोर्ट पूर्ण झाल्यावर फोनचा भाग आपोआप सुटतो, तेव्हा मात्र लगेच फोन करा आणि इंटरनेट चालू राहतंय ना, आणि जोड-योजना मोडल्यामुळे त्याचा दर वाढतोय का, हे विचारून घ्या.

पोर्ट झाल्या दिवशी तीन गोष्टी: जुना नंबर सब-अकाउंटकडे वळवा, बाहेर जाणाऱ्या कॉलवर दिसणारा नंबर तोच ठेवा, आणि ९११चा पत्ता पुन्हा नोंदवा. तात्पुरत्या नंबराला केलेली नोंद हलवून आणलेल्या नंबराला लागू होत नाही, ती प्रत्येक नंबराची वेगळी असते. पुष्कळ सेवांवर ९३३ फिरवलं की यंत्र नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतं. तो घर क्रमांकापासून शेवटपर्यंत ऐका, मगच तात्पुरता नंबर सोडा.